कार्ड आणण्याआधी एसएमपीएसचं लेबल वाच

जळगावच्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाने विचारलंय: "दादा, चार वर्षांपूर्वी घेतलेला पीसी आहे. रायझन ५ ३६००, बी४५०एम बोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, जीटीएक्स १६५०, कॅबिनेटसोबत मिळालेला ४५० वॅटचा एसएमपीएस आणि ६०० व्हीएचा यूपीएस. नुकताच १४४ हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर घेतला. घरून तीस हजार मिळतायत. आरटीएक्स ५०६० घेऊ, आरएक्स ९०६० एक्सटी घेऊ की सेकंडहँड ३०६०? मित्र म्हणतो बॉटलनेक होईल. आणि एसएमपीएस चालेल ना?"

तू सगळ्यात शेवटी जे विचारलंस ते, म्हणजे पीसीच्या भागांना वीज वाटून देणाऱ्या डब्याचं, एसएमपीएसचं, मी आधी घेतो. नाही चालणार. स्क्रीनवरचं चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड यातलं कुठलंही घे, एसएमपीएस बदलावाच लागेल, आणि ते पैसे याच तीस हजारांतून निघतील. हे एकदा पक्कं केलंस की कुठलं कार्ड घ्यायचं हा प्रश्न निम्मा सुटतो.

"पण आजवर तर चाललाय," असं तू म्हणशील. चालला, कारण १६५० हे फार कमी खाणारं कार्ड आहे, ७५ वॅटचं. मदरबोर्डवरच्या ज्या लांब स्लॉटमध्ये कार्ड बसतं, तो स्लॉटच ७५ वॅटपर्यंत देतो. म्हणून बऱ्याच १६५० कार्डांना एसएमपीएसमधून वेगळी वायर लावावीच लागत नाही. तुझ्या एसएमपीएसची खरी परीक्षा अजून झालेलीच नाही.

एक काम कर. पीसी बंद, प्लग बाहेर, कॅबिनेटचं झाकण काढ आणि एसएमपीएसवर चिकटवलेलं लेबल वाच. मोठ्या अक्षरांत छापलेल्या ४५० कडे बघू नकोस. खाली बारीक तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टचा रकाना शोध आणि त्याखालचे अँपिअर बघ. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांचं जेवण याच रकान्यातून वाढलं जातं. कॅबिनेटबरोबर 'फ्री' मिळणाऱ्या एसएमपीएसवर मी इथे १६ नाहीतर १८ अँपिअर कितीदा तरी पाहिलेत. १६ गुणिले १२ म्हणजे १९२ वॅट. मग ४५० आले कुठून? उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत भरती करून दाखवलेले असतात, आणि आजच्या पीसीत त्यांचं काम फार थोडं उरलंय. नावाजलेल्या कंपनीच्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर हाच १२ व्होल्टचा रकाना बघ, ४५ अँपिअरच्या आसपास दिसेल. म्हणजे छापलेले जवळजवळ सगळे वॅट तिथे खरोखर मिळतात.

आता तुझा हिशोब. ३६०० हा प्रोसेसर ६५ वॅटचा म्हणून विकला जातो, पण पूर्ण जोरात असताना ८८ वॅटपर्यंत जातो. ५०६० हे १४५ वॅटचं कार्ड, ९०६० एक्सटीची १६ जीबीवाली आवृत्ती १६० ची, ३०६० तर १७० ची. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५० धर. गोळाबेरीज तीनशेच्या आसपास येते. शिवाय कार्ड मधूनच, डोळ्याचं पातं लवायच्याही आत, लिहिलेल्या वॅटच्या बरंच वर उसळी मारतं. चांगला एसएमपीएस ती उसळी पचवतो, हलका एसएमपीएस तिथेच मान टाकतो. गेम रंगात आला की पीसी धाडकन बंद, डेस्कटॉपवर मात्र तासन्‌तास काही नाही, अशी तक्रार घेऊन लोक येतात. विंडोज दोनदा टाकून झालेलं असतं, कार्ड बदलून मागितलेलं असतं, आणि खोट निघते या पत्र्याच्या डब्यात.

तेव्हा ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ शिक्का असलेला, पाच वर्षं वॉरंटीचा एसएमपीएस घे. चार-पाच हजार जातील. ८० प्लस हा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, आतला माल कसा आहे ते सांगत नाही. मालाबद्दल खरं बोलते ती वॉरंटी. तीन वर्षांपेक्षा जास्त वॉरंटी द्यायला कंपनी कचरत असेल तर आपणही कचरावं.

इथे दोन जुगाड बाजारात मिळतात, त्यांना हात लावू नकोस. पहिला म्हणजे हार्ड डिस्कच्या साटा वायरीवरून कार्डासाठी ८ पिन बनवून देणारा कन्व्हर्टर. साटाच्या १२ व्होल्टच्या तिन्ही पिना मिळून साडेचार अँपिअरला, म्हणजे ५४ वॅटला ठरवलेल्या आहेत. कार्डाची ८ पिन १५० वॅट मागू शकते. वितळलेलं काळं प्लास्टिक मी स्वतः काढलंय. दुसरा जुगाड मी स्वतःच केला होता. धंद्यात मी नवा असताना एका गिऱ्हाइकाचा मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या काढता येणारा, एसएमपीएस बदलला आणि आळसाने जुन्याच्याच वायरी नव्यात खोचल्या. खाच तंतोतंत बसली. पण एसएमपीएसच्या बाजूला कुठल्या पिनेत किती व्होल्ट असावेत याचं कुठलंच सर्वमान्य प्रमाण नाही, प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. बटण दाबलं, टिक असा आवाज आला आणि त्या माणसाच्या लग्नाच्या फोटोंची हार्ड डिस्क गेली. हार्ड डिस्क मी भरून दिली, फोटो कुठून देणार? ज्या एसएमपीएसच्या खोक्यातून वायरी निघाल्या त्यालाच त्या लावायच्या, एवढं पाठ कर.

यूपीएसचंही इथेच उरकतो, कारण ते कुणी विचारत नाही आणि मग लाईट गेली की रडतात. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. असे यूपीएस साधारण ३६० वॅटचे असतात. तुझा पीसी आतून तीनशे वॅट घेणार, एसएमपीएस त्यात थोडे वाया घालवून भिंतीतून साडेतीनशेच्या आसपास ओढणार, वर मॉनिटरचे पंचवीस-तीस. म्हणजे खेळताना लाईट गेली तर यूपीएस किंचाळून बंद पडणार. त्यात आणखी एक मेख आहे. चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी, म्हणजे भिंतीतली वीज नीट ओढणारं सर्किट, असतं आणि स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे भिंतीतल्यासारखी गुळगुळीत लाट, देत नाही. काही जोड्यांचं आपसात जमतच नाही, भार कमी असला तरी पीसी बंद होतो. यूपीएस आत्ता बदल असं मी म्हणत नाही, बजेट तेवढं नाही. फक्त कार्ड आल्यावर लाईट गेली आणि पीसी बंद पडला तर कार्डाला शिव्या देऊ नकोस. पुढे घेशील तेव्हा १ केव्हीएचा घे. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर घरच्या प्लगला अर्थिंग नाही. इलेक्ट्रिशियनला बोलाव. हे काम नव्या कार्डाच्या आधीचं.

आता मित्राचा बॉटलनेक, म्हणजे एका भागामुळे दुसरा अडून राहणं. हा शब्द हल्ली पानटपरीवरही ऐकू येतो. इंटरनेटवर प्रोसेसर आणि कार्डाचं नाव टाकलं की "१७ टक्के बॉटलनेक" असा आकडा देणारी पानं आहेत, ती सरळ सोडून दे. कुठला गेम, कुठलं रिझोल्युशन, हे कळल्याशिवाय असा आकडा निघूच शकत नाही.

साधं बघ. प्रोसेसर भाकऱ्या थापतो आणि कार्ड त्या भाजतं. तवा लहान असेल तर थापलेल्या भाकऱ्या परातीत पडून राहतात, तवा मोठा आणला आणि थापणारा हात तोच राहिला तर तवा नुसता तापत बसतो. प्रत्येक पीसीत दोघांपैकी एक जण कायम थांबलेलाच असतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तुझ्याकडे कोण थांबतोय ते बघायला एमएसआय आफ्टरबर्नर टाक. कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं, फुकट आहे. गेम चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर किती टक्के ते दिसू दे. ९५ ते ९९ टक्के दिसलं तर तवा लहान पडतोय, नवं कार्ड घेऊन फरक दिसणारच. ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल तर नवं कार्ड आणूनही त्या गेममध्ये जवळपास तेवढेच एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, मिळतील. खात्री करायची असेल तर त्याच जागी, त्याच सेटिंगवर रिझोल्युशन ७२० पर्यंत उतरव. एफपीएस भरभरून वाढले तर अडचण कार्डाची. जिथल्या तिथे राहिले तर प्रोसेसर किंवा रॅमची.

माझा अंदाज असा की गोष्ट सांगणाऱ्या जड गेममध्ये तुझा १६५० सरळ ९९ वर जाऊन बसेल, आणि व्हॅलोरंट किंवा काउंटर स्ट्राइक २ मध्ये तसं होणार नाही. मुख्यतः व्हॅलोरंटच खेळत असशील तर थांब, तुला कार्डाची गरजच कमी आहे.

आणि ती रॅमची एकच स्टिक! एक स्टिक म्हणजे प्रोसेसरला रॅमपर्यंत जायला एकच रस्ता. दुसरी लावली की दुपदरी होतो, आणि रायझनवर याचा फरक डोळ्यांना दिसतो, विशेषतः मधूनमधून बसणारे झटके कमी होतात. शिवाय ८ जीबीत आज विंडोज, ब्राउझर, डिस्कॉर्ड आणि गेम मावत नाहीत. तेव्हा दुसरी ८ ची स्टिक, शक्यतो त्याच कंपनीची, त्याच वेगाची. बोर्डावर चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लाव आणि बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग) चालू कर, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर रांगत बसते. वाईट बातमी अशी की २०२५ च्या अखेरीपासून रॅम भलतीच महागलीये, एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी सगळी मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून. जुनी डीडीआर४ सुद्धा सुटली नाही. सेकंडहँड रॅम घ्यायला मात्र माझी हरकत नाही. रॅम सहसा खराब होत नाही, आणि रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवलं की सकाळी कळतं.

आता कार्ड. इथे थोडा वेळ थांब, कारण तुझ्या बोर्डाची एक मर्यादा आहे आणि दुकानदार ती सांगत नाहीत. बी४५० हा पीसीआय एक्स्प्रेस ३.० चा बोर्ड, म्हणजे कार्डाच्या त्या लांब स्लॉटची पिढी ३.० ची. नवी कार्डं ४.० नाहीतर ५.० ची आहेत. ती तुझ्या बोर्डावर चालतात, त्याची काळजी नको. पण कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या लेन, म्हणजे माहितीची ये-जा होण्याच्या वाटा, कार्डागणिक वेगळ्या असतात. स्लॉट दिसायला तोच लांब, पण ४०६०, ५०६०, आरएक्स ६६००, आरएक्स ७६०० आणि इंटेलचं आर्क बी५८० ही सगळी आठच लेन वापरतात. ३०६० आणि ९०६० एक्सटी सोळा वापरतात. ३.० च्या बोर्डावर सोळा लेन म्हणजे सेकंदाला साधारण १६ जीबी, आठ म्हणजे ८ जीबी.

कार्डाची स्वतःची मेमरी, व्हीरॅम, पुरतेय तोवर हा फरक नगण्य. ती भरली की कार्ड उरलेलं सामान पीसीच्या रॅममध्ये ठेवतं आणि लागेल तसं याच लेनवरून ओढतं. रस्ता अरुंद असला की खेळताना झटके बसतात, भिंतीवरची चित्रं धुरकट दिसतात. २०२२ च्या जानेवारीत आलेल्या आरएक्स ६५०० एक्सटीचं हेच झालं. ४ जीबी मेमरी आणि चारच लेन. ४.० च्या बोर्डावर कसंबसं चालणारं कार्ड ३.० वर पार ढेपाळलं, आणि ते विकत घेणारी माणसं नेमकी जुन्या बोर्डवालीच होती.

म्हणून जुन्या बोर्डावर माझा कल जास्त व्हीरॅम आणि सोळा लेन असलेल्या कार्डाकडे असतो. तू विचारलेल्या तिघांत ९०६० एक्सटीची १६ जीबीवाली आवृत्ती तुझ्या पीसीला सगळ्यात जास्त मानवेल. ५०६० चा दोष एवढाच की मेमरी ८ जीबी आणि लेन आठ. नव्या बोर्डावर ते चांगलं कार्ड आहे, एफपीएस वाढवणारं एन्व्हिडियाचं डीएलएसएसही आहे. पण एसएमपीएस आणि रॅम धरून या दोन नव्या कार्डांपैकी कुठलंही तुझ्या तीस हजारांत बसत नाही. भाव आठवड्यागणिक हलतात म्हणून आकडा लिहीत नाही, तू आज तीन दुकानांत फोन करून बघ.

तर तुझ्यासमोर खरे रस्ते दोन. एक, आत्ता एसएमपीएस आणि रॅम घे, दिवाळीपर्यंत किंवा पहिल्या स्टायपेंडपर्यंत थांब आणि मग १६ जीबीचं ९०६० एक्सटी आण. दोन, आत्ताच खेळायचंय तर सेकंडहँड ३०६०, पण १२ जीबीचंच. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे कंपनीने त्याच नावाने ८ जीबीचंही ३०६० काढलं, १९२ बिटच्या जागी १२८ बिटचं, म्हणजे मेमरीचा रस्ता अरुंद, आणि ते बरंच हळू आहे. ओएलएक्सवर दोन्ही नुसतं '३०६०' म्हणून विकतात. नवंच हवं आणि वॉरंटी हवी तर आरएक्स ७६००, टेक्स्चर्सची, म्हणजे भिंती-वस्तूंवरच्या चित्रांची, सेटिंग 'अल्ट्रा'वरून 'हाय'वर आणायची तयारी ठेवून. यातलं कुठलंही तुझ्या १६५० च्या दुपटीच्या आसपास किंवा वरच जाईल.

आर्क बी५८० मी तुला सुचवत नाही. १२ जीबी मेमरी, किंमत वाजवी, कार्ड वाईट नाही. पण त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त काम टाकतो आणि ३६०० सारख्या जुन्या प्रोसेसरबरोबर ते बरंच मागे पडतं. जुन्या पीसीसाठी स्वस्त कार्ड म्हणून ते घ्यायला जाणारा नेमका तिथेच फसतो.

सेकंडहँड घेताना लोक पहिला प्रश्न विचारतात, "मायनिंगचं आहे का?" इथेरियमचं मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ ला बंद झालं आणि तेव्हा अशा कार्डांचे ढीग बाजारात आले. मायनिंगने चिप सहसा मरत नाही, थकतात ते पंखे आणि आतले, उष्णता बाहेर नेणारे थर्मल पॅड. तू विकणाऱ्याच्या घरी जा, कार्ड त्याच्याच पीसीत चालू असताना बघ. जीपीयू-झेड उघडून मेमरी १२ जीबी आणि १९२ बिट दिसतेय ना ते तपास. बनावट कार्ड असेल तर हे सॉफ्टवेअर बऱ्याचदा स्वतःच तसं लिहून दाखवतं. मग युनिजिन सुपरपोझिशन हे कार्डाची कसोटी घेणारं सॉफ्टवेअर किंवा एखादा जड गेम वीस मिनिटं चालव. स्क्रीनवर रंगीत ठिपके, रेषा, चमक दिसली की चहा पिऊन परत ये, भावात पडू नकोस. पंख्याचा घर्रघर्र आवाज चालेल, पंखे बदलून मिळतात. स्क्रूवरचं सील तुटलेलं असेल तर कार्ड कुणी उघडलं आणि का, ते विचार. मूळ बिल माग, कारण काही कंपन्या वॉरंटी सीरियल नंबरवर देतात तर काही बिलावर.

फार स्वस्तात १०७०, १०८० दिसतील. ती आता घेऊ नकोस. एन्व्हिडियाने त्या पिढीचे गेमसाठीचे नवे ड्रायव्हर २०२५ च्या ऑक्टोबरनंतर थांबवले. शिवाय रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाश-सावलीचा हिशोब करणारं, हार्डवेअर नसेल तर सुरूच न होणारे गेम आलेत, डूम: द डार्क एजेस त्यातलाच. आणि ऑनलाइन मिळणारं अनोळखी नावाचं नवंकोरं 'आरएक्स ५८०' बहुतेकदा २०४८ एसपी असतं, म्हणजे आतून ५७० च.

अमेरिकेतून आतेभाऊ येणार आहे, त्याच्याकडून मागवू का, हा प्रश्न तू विचारला नाहीस पण दर महिन्याला कुणीतरी विचारतं. तिथली छापील किंमत त्यांचा सेल्स टॅक्स सोडून असते, आणि मुख्य म्हणजे बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी त्या त्या देशापुरतीच असते. कार्ड बिघडलं तर परत तिकडे पाठवायचं का? मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन घासाघीस कर, पक्कं जीएसटी बिल घे, बिलावर सीरियल नंबर लिहून घे. ते बरं.

घेण्याआधी टेप घेऊन कॅबिनेटच्या आत मोज. मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत किती मिलिमीटर आहेत? कार्डाची लांबी कंपनीच्या पानावर असते, त्यापेक्षा वीसेक मिलिमीटर जास्त जागा हवी. जाडीही बघ, दोन स्लॉटचं की अडीच. छोट्या बोर्डावर जाडं कार्ड साटाची भोकं झाकून टाकतं. तीन पंख्यांचं कार्ड दोन पंख्यांपेक्षा भारी असा समज आहे. तुझ्या वॅटच्या कार्डाला दोन पंखे पुरतात.

बसवणं सोपं आहे, घाई मात्र नको. एएमडीचं कार्ड आणत असशील तर आधी नवा ड्रायव्हर उतरवून ठेव, नेट बंद कर, सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने एन्व्हिडियाचा ड्रायव्हर साफ कर. नेट चालू ठेवलंस तर विंडोज आपलं डोकं चालवून मधेच भलता ड्रायव्हर टाकतं. एन्व्हिडियावरून एन्व्हिडियावरच जाणार असशील तर एवढं करायची गरज नाही, नवा ड्रायव्हर वरून टाक.

मग प्लग काढ, पॉवरचं बटण एकदा दाबून आतली उरलीसुरली वीज जाऊ दे, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लाव. मागचे स्क्रू काढ. स्लॉटच्या टोकाला प्लास्टिकची कळ असते, ती दाबल्याशिवाय कार्ड ओढू नकोस. जाड कार्डाखाली बोट पोचत नाही, तिथे लाकडी पेन्सिल वापर, स्क्रू ड्रायव्हर घसरला तर बोर्डावर ओरखडा जातो आणि मग काम संपलं. नवं कार्ड प्रोसेसरच्या जवळच्या लांब स्लॉटमध्येच बसव. बी४५० वर खालचा लांब स्लॉट असला तरी तो बहुधा चारच लेनचा असतो, आणि लेनचं पुराण तू वर वाचलंसच. टक् असा आवाज आला पाहिजे. ८ पिनची वायर लावताना बघ, कार्डाची वायर ६ अधिक २ अशी तुटते, प्रोसेसरची ४ अधिक ४ अशी. दोन्ही सारख्या दिसतात, सारख्या नाहीत. जोर लावावा लागत असेल तर वायर चुकतेय.

मॉनिटरची वायर कार्डाला लाव, बोर्डाला नाही. हसू नकोस, महिन्याला एक पीसी याच कारणाने माझ्याकडे येतो. तुझ्या ३६०० ला तर स्वतःचं ग्राफिक्सच नाही, बोर्डाला लावलीस तर काळी स्क्रीन. शक्यतो डिस्प्ले पोर्टची वायर वापर, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ हर्ट्झ निवड. मॉनिटर आपोआप ६० वरच राहिलेला असतो, आणि सहा महिने ६० वर खेळून "काही फरक वाटत नाही" म्हणणारे भेटलेत मला.

शेवटी रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय. बायोस नवं केलंस तर बऱ्याच बी४५० वर ३६०० सोबत हे मिळतं. बायोसमध्ये 'अबव्ह ४जी डिकोडिंग' चालू, सीएसएम (जुन्या पद्धतीने पीसी सुरू करायची सोय) बंद. पण आधी विंडोजची डिस्क जीपीटी (नव्या पद्धतीच्या मांडणीची) आहे का ते डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघ. एमबीआर (जुन्या मांडणीची) असेल तर सीएसएम बंद केल्यावर विंडोज सुरूच होणार नाही. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची की आधी कागदावर लिहून घे. बायोस बदलताना लाईट गेली तर बोर्ड जाऊ शकतो, तेव्हा तो जुना यूपीएस इथे कामाला येईल, डेस्कटॉपवरचा भार त्याला सहज झेपतो. आणि हे बायोस नवं केलेलं पुढेही उपयोगी पडेल, रायझन ५ ५६०० किंवा ५७००एक्स याच बोर्डावर बसतो.

जळगावच्या मे महिन्यात खोलीतच चाळीस डिग्री असताना कार्ड ऐंशीच्या वर जाणारच. पीसी कॉम्प्युटर टेबलाच्या कप्प्यात कोंबलेला असेल तर आधी बाहेर काढ. पुढची काच किंवा जाळी उघडी ठेवून अर्धा तास खेळ. तापमान सात-आठ डिग्रीने उतरलं तर हवा येत नाहीये, पुढे एक पंखा वाढव. तरी तापत असेल तर आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ८५ टक्क्यांवर आण. एफपीएस थोडेच कमी होतात, उष्णता आणि आवाज बराच. ब्लोअरने धूळ काढताना कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेव, गरगर फिरू देऊ नकोस.

आणि १६५० लगेच विकू नकोस. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी महिनाभर थांबव. नव्या कार्डाने दगा दिला तर तुझ्या प्रोसेसरला चित्र दाखवायला दुसरं काहीच नाही, आणि दोष कार्डाचा की बाकी पीसीचा हे ओळखायला हेच जुनं कार्ड पाच मिनिटांत उत्तर देईल. लेबलचा फोटो पाठव, १२ व्होल्टचा रकाना नीट दिसेल असा.